आजचं, उद्याचं, परवाचं

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी नऊला केजहून जीपने निघाले. अंगणवाडीत लसीकरण होतं, दुपारी दोनपर्यंत चाललं. येताना स्टँडवर सीताफळं घेतली. घरी आले, कपडे धुतले, भाकरी केली. बाकी काही विशेष नाही.

अब्बा,

हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि उर्दूही वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुठल्या भाषेत लिहिलं तरी तुमच्या दृष्टीने सारखंच. घरात आपण दख्खनीत बोलायचो आणि स्टँडवरच्या सीताफळांच्या गाड्यावर तुम्ही मराठीत बोलायचात. मला तुमचं गाड्यावरचं बोलणं जास्त आठवतं, म्हणूनही असेल.

आज एक आजी नातवाला लस द्यायला तयार नव्हत्या. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि आजी दारात उभ्या. "आमच्या चांगल्या पोराला ताप आणता व्हय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "होय आजी, ताप येणार. मांडी सुजेल, रात्री रडेल, तुम्हाला झोपू देणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत उतरेल. मी उद्या बघायला येते." आजी म्हणाल्या, "मागची बाई तर म्हनली काईच होत न्हाई." मी म्हटलं, "होतं." मग त्या बाजूला झाल्या. "टोचा मग. पर उद्या या बरं का. न्हाई आलात तर मीच येते पोराला घिऊन तुमच्या घरी." परत येताना माझ्याबरोबरची शिकाऊ मुलगी जीपमध्ये म्हणाली, "सिस्टर, भारी ट्रिक आहे तुमची. आधी वाईट सांगायचं." तिने कौतुकानेच म्हटलं. घर येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कारण हेच मी एकदा तुमच्याबद्दल लिहिलं होतं, आणि मीही कौतुकानेच लिहिलं होतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. नर्सिंगला जायच्या आधीचं ते एकच वर्ष. आमच्या सरांनी सांगितलं होतं, आठवडाभर वही जवळ ठेवा. कोण तुमचं मन वळवायला बघतो आणि कोण नुसतं वर्णन करतो, ते पानाच्या दोन बाजूंना टिपून ठेवा. दिवसभर माणसं या दोनच गोष्टी करत असतात. मला ते फार आवडलं. मी बोलणारी नव्हतेच, ऐकणारी होते, आणि आता ऐकण्याला पहिल्यांदाच काही काम मिळालं होतं. जीपवाला ओरडायचा, "एकच सीट, एकच सीट, निघालीच गाडी!" आणि आत बघावं तर ड्रायव्हरही नाही. ते मी मन वळवणे या बाजूला लिहिलं. शेजारच्या खाला माझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या, "लडका एकदम शांत है" म्हणाल्या. अम्मी आत येऊन मला हळूच म्हणाली, "शांत मतलब कामकूच नै जाता होएंगा." ते कुठल्या बाजूला लिहायचं मला कळेना.

मग मी तुमच्या गाड्यापाशी येऊन उभी राहू लागले. कॉलेज सुटलं की तुमचा डबा न्यायच्या निमित्ताने यायचे. तुमच्या शेजारचा सीताफळवाला घसा कोरडा होईपर्यंत "मलई, मलई, खवा हाय खवा" ओरडायचा. तुम्ही ओरडत नव्हता. तुमच्या गाड्यावर तीन टोपल्या असायच्या. डोंगरातल्या बायका पहाटे माल आणून टाकायच्या, तो तुम्ही एकेक हातात घेऊन निवडायचात. आजचं, उद्याचं, परवाचं. गिऱ्हाईक आलं की बाकीचे विचारतात किती देऊ, तुम्ही विचारायचात, "कधी खायचंय?" आणि मग त्या फळाचं काय वाईट आहे ते आधी सांगायचात. "हे गोड हाय, पर बिया लई. हे आजच संपवा, उद्या काळं पडंल. हे दिसायला बारीक हाय, त्याच्यावर जाऊ नका." लोक दुसऱ्या गाड्यावरून उठून तुमच्याकडे यायचे. मी वहीत लिहिलं की फळविक्रेता आधी मालातला दोष सांगतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो आणि नंतर तो जे सांगेल ते पटतं. ही मन वळवण्याची सर्वांत प्रभावी युक्ती आहे. विक्रेता माझे वडील आहेत, हेही लिहिलं. अभिमानाने लिहिलं होतं, अब्बा.

सरांनी ती वही वर्गात वाचून दाखवली. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. इतकं चांगलं मला कॉलेजात पुन्हा कधी वाटलं नाही. वर्गात स्टँडसमोरच्या टेलरची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी मी डबा घ्यायला आले तेव्हा टेलर गळ्यात टेप घालून तुमच्यापुढे उभे. "काय भाई! तुमची पोरगी तर लिहिती, तुमचं खरं बोलणं बी धंद्याची युक्ती हाय. आमी खुळे, इतकी वर्सं खरं समजून खात बसलो! लई हुशार केली राव पोरीला." तुम्ही हसलात. टेलरना एक सीताफळ तसंच दिलंत. मला डबा दिलात. माझ्याकडे बघितलं नाहीत.

सकाळी चहा झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मेरेकू पढके सुना." मी वही आणली. मराठी तुम्हाला बोलण्यातली समजायची, लिहिण्यातली तितकी नाही, म्हणून थांबत थांबत सांगत गेले. शेवटपर्यंत ऐकलंत. मग विचारलंत, "येच पढ्या सरने? सबके सामने?" मी म्हटलं, हौ. "अच्छा लिखी," म्हणालात. कप स्वतः विसळलात आणि गाडा काढलात. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. मला काय बोलायचं ते सुचलं असतं.

त्या दिवसापासून तुम्ही गाड्यावर बोलेनासे झालात. तीन टोपल्या होत्या, पण कोणी विचारलं तर नुसतं "घ्या" म्हणायचात. लोक आपापल्या हाताने निवडायचे. लोकांना काय कळतं, मोठं दिसलं की उचलतात. चौसाळ्याला लेकीकडे निघालेल्या एक बाई पाच-सहा घेऊन गेल्या आणि परतताना पुन्हा आल्या. "भाऊ, समदे दगड निघाले की! दर बारीला सांगता, ह्या बारीला कावून न्हाई सांगितलं?" तुम्ही मान खाली घालून त्यांना दुसरी फळं दिलीत. मी तिथेच होते. तुम्हाला आता तोंड उघडायची लाज वाटत होती. काही चांगलं सांगावं तर खोटं वाटेल, वाईट सांगावं तर युक्ती वाटेल, असं मी तुमचं करून ठेवलं होतं. घरी अम्मीने विचारलं, "तू क्या बोली उनकू?" मी म्हटलं, काही नाही. माफी मागायची म्हणून दोनदा तुमच्यासमोर येऊन बसले. आपल्या घरात माफी कोणी मागत नव्हतं, आणि मागितली असती तरी त्याने तुमचं बोलणं परत आलं नसतं. माफीसुद्धा मी कुठल्या बाजूला लिहिली असती कोण जाणे.

रविवारी मी गाड्यावर आले. अम्मीला सांगितलं की कॉलेजचं काम आहे. तुम्ही नको म्हणाला नाहीत, पाट सरकवून जागा दिलीत. एक मावशी आल्या, बरोबर लहान मुलगी होती. मीच पुढे होऊन विचारलं, "कधी खायचंय?"

"आत्ता घरी गेल्यावर. ही ऐकती का!"

मी टोपलीतून एक काढून दिलं. "हे घ्या मावशी, आजचं." ते आजचं नव्हतं. तुम्ही एकदा बघितलंत आणि मान वळवलीत. मी दुसरं दिलं. "हे बी आजचं." तुमचा हात तराजूवर होता, तो तिथेच थांबला. मी तिसरं उचललं आणि तुम्ही ते माझ्या हातातून काढूनच घेतलंत.

"न्हाई बाई, हे परवाचं हाय. ते दोन बी ठिवा खाली. डोळे बघा की, मिटलेले हायत अजून. डोळे उघडून मधी पिवळं दिसाय लागलं की समजा आलं. हे घ्या, हे आजचं. पर थैलीत तळाला टाकू नका, लई नाजूक असतं, घरी जाईस्तवर फुटंल. आन ह्याला गर कमी हाय, आधीच सांगतो, पोरीला दोन लागतील." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तेरेकू कुछ समजता नै. कालेज में येच सिखाते क्या?" मावशी हसल्या. ती मुलगी पण हसली. मी मान खाली घातली.

त्यानंतर तुम्ही दुपारभर बोलत होतात. टेलरना हाक मारून बोलावलंत, "इकडं या, कालचं कसं निघालं ते सांगा आधी." मला दर फळागणिक शिकवत होतात, कुठे दाबायचं, किती दाबायचं, देठाजवळ काय बघायचं. कंटाळा येईपर्यंत. सरांनी पुढचा गृहपाठ वर्णनाचा दिला तेव्हा मी त्या तीन टोपल्यांबद्दल लिहिलं, जसं दिसलं तसं. युक्ती हा शब्द कुठे येऊ दिला नाही. सरांनी खाली शेरा मारला, "यात विश्लेषण नाही." ती वही अजून माझ्याकडे आहे.

तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. त्या शिकाऊ मुलीला मी उद्या सांगणार आहे, की आपण आजींना उद्या येतो म्हणालो आहोत, तर जायचं. ताप आहे का बघायचं, मांडी बघायची. एवढं केलं की ती ट्रिक राहत नाही, असं मला वाटतं. तुम्ही पण गाडा रोज त्याच जागी लावायचात. दुसऱ्या दिवशी टेलरना हाक मारून कसं निघालं विचारायचात. ते मी वहीत लिहायला हवं होतं, पण तेव्हा मला फक्त तुमचं बोलणं ऐकू येत होतं. मुलगी हुशार आहे. तिला लवकर कळेल.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या रविवारी ती तिन्ही फळं परवाची आहेत हे मला कळत होतं. इतके दिवस तुमच्या शेजारी उभी राहिले होते, डोळे मिटलेले मला दिसत होते. तुम्ही मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिलात की माझ्या पोरीला एवढं शिकवलं, पण सीताफळ काही निवडता येत नाही.

आज आणलेली फळं ओट्यावर आहेत. दोन आजची, तीन उद्याची. एकाचे डोळे अजून मिटलेले आहेत. ते पिकायला गव्हाच्या डब्यात खाली दाबून ठेवते आणि झाकण लावते.