गाठ सरकली नव्हती, भागू

प्रिय भागू,

विसरलीस ना मला? जिवंतपणी कुंकवाची डबी कुठे ठेवली ते तुला आठवत नसे, आता तर थोरली बहीणच विसरली असशील! मी मात्र काही विसरले नाही, म्हणून भांडायला बसले आहे. आठ नातवंडांची आजी झाले तरी मला अक्षर येत नाही. मी सांगते आहे आणि लिहिते आहे तुझीच लेक, शांता.

आजच का, ते ऐक. सकाळी रोवणीसाठी परे, धानाची कोवळी रोपं, उपटताना ही सारखा डावा हात आखडत होती. दटावून विचारलं तर म्हणते, "मोठे माय, उरात गाठ हाय. दुखत नाई. रोवणी होऊन जाऊ दे, मंग पाहू." तुझेच शब्द, भागू! दोन वर्षांपूर्वीचे, जसेच्या तसे. लिही शांते, हेही लिही. मान खाली घालू नकोस.

तू अशी कशी गं? धानाच्या बांधीत एखादं भलत्या जातीचं लाल रोप दिसलं की चिखलात उतरून उपटायचीस. मी म्हणायचे, "एका रोपासाठी कायले चिखल तुडवतेस?" तू म्हणायचीस, "बाई, आज एक हाय. झडलं का पुढच्या साली सारी बांधी त्याची." एवढी शहाणी, आणि स्वतःच्या उरातलं तसंच वाढू दिलंस!

मीही काही कमी नाही. बिब्याचा लेप मीच लावला. काखेत गाठ आली तेव्हा मीच म्हणाले, "पाह्य, लेपानं उरातली गाठ काखेत सरकली. आता निघून जाईल." त्या दिवशी आपण दोघींनी देवीपुढे नारळ फोडला. कशाचा आनंद गं तो? आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी तुला नागपूरला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरणीने मला खडसावलं. "आजी, कॅन्सरची गाठ सरकत नाही. तिची पिल्लं जातात." मग समजावलं. शरीराच्या कणाकणात, पेशीत म्हणे, बारीक धागे असतात, गुणसूत्रं. एका पेशीच्या दोन होताना त्यांची सारखी वाटणी व्हावी लागते. गाठीत ती बिघडते. कुणाला धागे जास्त, कुणाला कमी, कुठे एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला. पुष्कळ पेशी त्यानेच मरतात. पण एखादी निगरगट्ट निघते, तिचा वंश वाढतो, त्यात पुन्हा बिघाड, पुन्हा नवी जात. उरातल्या गाठीचे धागे एक, काखेतलीचे निराळे, यकृतात उतरलेलीचे त्याहून निराळे. "जितके दिवस द्याल, तितक्या तिच्या जाती," म्हणाली.

आणि आपण काय पाहत होतो? बोराएवढी की सुपारीएवढी!

तू दिवस दिलेस, भागू. आधी रोवणी, मग निंदण, मग कापणी. धान घरात आलं आणि तू गेलीस. तो भात माझ्या घशाखाली उतरला नाही. राग येतो मला, अजून येतो. तुझ्यावाचून बांधी पडीक राहिली असती का?

शांता लिहायची थांबली. म्हणते, "माही गाठ तशी नसंल." नसेलही! प्रत्येक गाठ वाईट नसते, हेही डॉक्टरीणच म्हणाली. पण ते ठरवणार कोण, तू की मी? आम्हा दोघींच्या शहाणपणाने तुझी माय खाल्ली, पोरी!

भागू, शब्द देते. सोमवारच्या गाडीने हिला तिरोड्याहून नागपूरला नेते. रोवणी अर्धी पडली तर पडू दे. आली नाही तर ओढत नेईन. तुलाही वेळेत असंच न्यायला हवं होतं.

तुझ्यावर रागावलेली,
तुझी बाई
(अंगठा)

ता. क. हे तुझ्यासाठी नाही, शांताच्या सासूसाठी. विहीणबाई, सोमवारी गाडीच्या वेळेआधी तांदळाच्या भाकरी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे पाठवा, दोघींपुरते. रोवणीच्या बायांचं जेवण त्या दिवसापासून तुम्हीच न्या.