मला मत देऊ नका

८ जानेवारी

“या घरात काही हवं असेल, तर आधी दोनदा नको म्हणायचं.”

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या होत्या. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. चहाचा कप पुढे करता करता, भाऊजींच्या कानावर जाणार नाही इतक्या हळू. मी हसले होते. मग इतकी वर्षं तेच करत आले. माहेरी जायला नको, कपाट नको, बसस्टँडवरची नोकरीसुद्धा नको-नको म्हणतच मिळवली. तिसऱ्यांदा विचारलं की — बरं, तुम्ही म्हणताच आहात तर!

आज ते वाक्य वहिनींवरच उलटलं.

सकाळी भाऊजी पेपरची घडी घालत म्हणाले, “आपला वॉर्ड या वेळी बायकांसाठी राखीव. काही बिघडत नाही. अर्ज हिच्या नावाने भरू.” दोनदा निवडून आलेत ते; वॉर्डात सगळे त्यांना दादाच म्हणतात. आपली जागा गेली असं त्यांना वाटलंच नाही. नुसतं नाव बदलायचं, विजेच्या बिलावर बदलतात तसं.

वहिनी म्हणाल्या, “नको.”

सगळे हसले.

थोड्या वेळाने, “नको हो. खरंच.”

“झालं दोनदा!” हे ओरडले. “म्हणजे वहिनी तयार आहेत!” दोघा भावांनी टाळ्या दिल्या.

वहिनी हसत नव्हत्या. ताटं उचलून आत गेल्या.

१४ जानेवारी

पोस्टर लागली. भाऊजी परातीएवढे, वहिनी शर्टाच्या बटणाएवढ्या. खाली चिन्ह — शिडी. “चढायला कोण, ते कळतंय!” असं आमच्या बसचालकांपैकी एक जण म्हणाला आणि मला बघून टायर तपासायला वाकला.

समोर मास्तरीणबाई उभ्या आहेत. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गातलाच. निम्म्या वॉर्डाला पाढे त्यांनीच शिकवले. भाऊजींनासुद्धा!

१७ जानेवारी

आज दुपारी वहिनींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. नळ सोडला — पाण्याच्या आवाजात बोललेलं बाहेर ऐकू जात नाही.

“तू मला मत देऊ नकोस.”

मला वाटलं, हे नेहमीचंच पहिलं ‘नको’. मी गालात हसले तर त्यांनी माझा दंडच धरला. “अगं, हे खरं नको आहे! सही माझी, शब्द यांचे, आणि शिव्या पुन्हा माझ्या. तिथे बसायचं मान हलवत, आणि घरी येऊन हीच भांडी. मास्तरीणबाई चांगल्या आहेत. येऊ देत त्यांना. तू चारचौघींना सांग. माझी शपथ.”

त्यांचे डोळे भरलेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर एवढंच.

मी पार्लरमध्ये गेले. पार्लरवाली माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या खुर्चीत बाई मागे डोकं टेकून बसली, चेहऱ्यावर लेप लागला, की ती बोलू शकत नाही — फक्त ऐकते. आणि उठली की सगळं बोलते. तिथे सकाळी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत शेवटच्या गल्लीत असतं.

“भाऊजींना कळता कामा नये,” मी म्हटलं.

“पुरुष कुठे येतात इथे?” ती म्हणाली.

१९ जानेवारी

बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझ्या काचेच्या भोकाशी एक बाई आली. मला वाटलं गाडी विचारतेय. तिने तोंड जवळ आणलं — “काळजी करू नका. आमच्या चाळीत कोणीच देणार नाही.”

सुटल्यासारखं वाटलं. वहिनींना सांगितलं. रात्री त्या पोटभर जेवल्या.

२४ जानेवारी

काय दिवस होता! लिहायला बसलेय पण हसूच आवरत नाही. हसू तरी का म्हणावं याला.

मंडईच्या तोंडाशी कोपरा सभा होती. भाऊजींचा घसा बसलेला — आठ दिवस ओरडून दुसरं काय होणार? म्हणून भाषणाचा कागद वहिनींच्या हातात. त्या वाचायला लागल्या. “माझ्या पतींनी केलेल्या विकासकामांची...” पुढे दोनदा “विकास”. लोक जांभया देत होते.

मागून भाजीवाली ओरडली, “ते सगळं राहू द्या! मंडईतल्या बायकांच्या संडासाला आतून कडी कधी बसणार? चार वर्षं एकीने आत जायचं नि दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं!”

भाऊजी वहिनींना खुणावत होते — टेंडर म्हण, टेंडर.

वहिनींनी कागदाकडे पाहिलं. मग कागद खाली ठेवला.

“उद्या,” म्हणाल्या.

हशा पिकला. भाजीवाली म्हणाली, “कोणाचा उद्या?”

“माझा. कडी आमच्याच हार्डवेअरच्या दुकानात आहे. रोज दुपारी गल्ल्यावर मीच असते. पितळी पाहिजे की लोखंडी, ते सांगा.”

आता मात्र कोणी हसलं नाही. मग एकदम टाळ्या. बायकांच्या. हातातल्या पिशव्या खाली ठेवून वाजवलेल्या टाळ्या!

२५ जानेवारी

खरंच बसवली. सकाळी ड्रिल घेऊन गेल्या, पदर खोचून. दार एका बाजूने कुजलेलं, स्क्रू धरेना. तर आतून फळीचा तुकडा ठोकून त्यावर बसवली. दार हलू नये म्हणून बाहेरून कोणी तरी रेटून धरायला हवं होतं. मास्तरीणबाई भाजी घ्यायला आल्या होत्या, त्यांनी धरलं!

“आचारसंहितेत बसतं का हे?” बाईंनी विचारलं.

“तक्रार करा,” वहिनी स्क्रू दातात धरून म्हणाल्या.

“आधी मी आत जाऊन येते,” बाई म्हणाल्या. “मग बघू.”

घरी भाऊजी बसलेल्या घशातून फुसफुसत होते. “ते नगरपालिकेचं काम! त्याची फाइल आहे!” वहिनी हात धुवत होत्या. “फाइलला कडी नव्हती हो,” म्हणाल्या.

रात्री भांडी आवरताना नळ सोडला. मी समजले.

“ऐक ना. ते तू सांगितलं होतंस — सगळ्यांना?”

“हो.”

“म्हणजे खरंच सगळ्यांना?”

“पार्लरमध्ये सांगितलं वहिनी.”

त्या मटकन खाली स्टुलावर बसल्या. “मेले! अगं, आता मला हवंय!”

२८ जानेवारी

कोणी विश्वासच ठेवत नाही.

मी पार्लरवालीला म्हटलं, बाई गं, वहिनींना आता मतं हवीत. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “दादांनी दम दिला ना? कळतं गं. सांग त्यांना, आम्ही शब्दाच्या पक्क्या आहोत.” मी शपथ घेतली. तर म्हणते, “घे, घे. तुलापण त्याच घरात राहायचंय.”

आज वहिनींबरोबर मीच घरोघर फिरले. “मला मत द्या हो,” त्या अगदी मनापासून म्हणतात. दारातली बाई आधी भाऊजींच्या माणसांकडे बघते, मग वहिनींचा हात दाबते आणि डोळा मारते. वहिनी जितकं कळवळून सांगतात, तितका हात जास्त दाबला जातो. एका आजीबाईंनी तर जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. “सोस बाई. थोडेच दिवस.”

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, “आयुष्यभर नको म्हटलेलं कोणी खरं मानलं नाही. एकदाच मानलं — तेव्हाच नेमकं!”

हसल्या आणि रडल्या. दोन्ही एकदम. मीही.

३१ जानेवारी

कामावर मन नाही. आज गाड्यांची घोषणा करताना माइकचं लाल बटण दाबलेलं असताना मनात आलं — सांगून टाकावं का? सगळा स्टँड ऐकेल. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, वहिनींना खरंच हवंय.” छे. नोकरी जाईल, आणि तरी म्हणतील दादांनी बोलायला लावलं.

वहिनी हरल्या तर? भाऊजी म्हणतील, बायकांचं कामच नाही ते. आणि वहिनी पुन्हा कधी काही मागणार नाहीत — ना दोनदा नको म्हणून, ना एकदा हो म्हणून. मला त्याचीच भीती वाटते. निरोप मीच पोहोचवला ना.

४ फेब्रुवारी

मतदान झालं.

शाळेत रांग. बायकांच्या रांगेत सगळ्या माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होत्या. मी डोळ्यांनी नाही-नाही करत होते. त्यांना वाटलं असेल, डोळ्यात काही गेलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले. तिथे किती शांत असतं! इतकी वर्षं घरून निघताना हे मला चिन्ह सांगायचे आणि मी तेच दाबून यायचे, सामान आणायला सांगावं तसं. आज वहिनींचं नाव वाचलं. पूर्ण, माहेरचंही. आणि दाबलं.

वहिनी माझ्या मागे होत्या. त्या आत गेल्या त्या येईनातच. अधिकारी खोकला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “अगं, इतक्या वर्षांत स्वतःचं नाव असं छापलेलं कधी बघितलं नव्हतं. वाचतच राहिले.”

६ फेब्रुवारी

आल्या!! निवडून आल्या!

आणि जेमतेम नाही, चांगल्या दणक्यात. मी मोजणीच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसकण मारली. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

पार्लरवाली गर्दीतून वाट काढत आली. मी तिचे खांदेच धरले. “तू तर म्हणालीस शब्दाच्या पक्क्या!”

“होतोच की. मग मंडईत भाजी घ्यायला गेले. आत गेले, कडी लावली. चार वर्षांत पहिल्यांदा निवांत बसले गं! तिथेच ठरवलं. म्हटलं, बाईला नको असेल तर नसू दे, आम्हाला हवीय.”

“मग सांगायचं तरी! आम्ही इकडे झुरतोय —”

“तुला सांगितलं की वहिनींना कळणार. त्या बिचाऱ्या अजूनच घाबरल्या असत्या.”

सगळ्याजणींनी आपापलं आतल्या आत ठरवलेलं. एकमेकींनासुद्धा न सांगता!

मास्तरीणबाई आल्या. वहिनींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “दार मी धरलं होतं, विसरू नका. दर महिन्याला विचारायला येणार.” वहिनी त्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर त्यांनी वरच्यावर धरलं.

माणसांनी सवयीने हार भाऊजींच्याच गळ्यात घातला. भाऊजी हात जोडून हसत होते. वहिनी शेजारी थांबल्या, जरा वेळ. मग म्हणाल्या, “अहो, तो माझा आहे.”

मोठ्याने नाही. पण सगळ्यांनी ऐकलं. भाऊजींनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हार काढून दिला. फुलं थोडी चुरगळली होती. वहिनींनी हार तसाच घातला.

आज शांत झोप लागेल.

२ मार्च

पहिली सभा झाली. भाऊजी सोबत निघाले होते, बूट घालून. वहिनींनी दुकानाच्या किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या. “दुपारी गल्ल्यावर कोणी तरी लागेल ना.”

भाऊजी गेले दुकानात! कडी कोणत्या खोक्यात असते ते त्यांना माहीत नाही म्हणे. गिऱ्हाईकच दाखवतं.

१९ डिसेंबर — पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर

वही कपाटात सापडली. मधली वर्षं लिहायला सवड झाली नाही, आणि फार दुःखही नव्हतं. आज लिहायलाच हवं.

वॉर्ड या वेळी सगळ्यांसाठी खुला. भाऊजींनी सकाळी अर्ज भरला — “आता आपली जागा परत.” कोणाला विचारलं नाही. वहिनींनी दुपारी भरला. त्यांनीही नाही विचारलं. संध्याकाळी दोघं एकाच टेबलाशी जेवली, मीठ एकमेकांकडे सरकवत.

घरोघर फिरायला उद्यापासून सुरुवात. वहिनी म्हणाल्या, यादी घे, एकही घर सोडायचं नाही. मी म्हटलं, मग आपल्याच घरापासून. बाकी कोणी धजणार नाही, मीच जाईन. भाऊजी नाही म्हणणार, माहीत आहे. तरी उद्या सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून विचारणार आहे —

भाऊजी, तुमचं मत वहिनींना द्याल का?