ताताय पुन्हा खाटेवर जाणार नाहीत

बुएनाविस्ता, गिमारास
१२ फेब्रुवारी

मानोंग देल्फिन, थोरल्या भावास,

इकडे सगळे ठीक. मनिलात तुम्हीही ठीकच असाल, नेहमीच असता. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

रोसविदा तातायना, स्वतःच्या बापाला, चालवून चालवून मारतेय, असं तू शेजारच्या इलुमिनादाला फोन करून सांगितलंस. तिनं ते अख्ख्या गल्लीत वाटलं. शाब्बास! ख्रिसमसला चार दिवस आलास, दुबळ्या हृदयाचा म्हातारा अंगणात फेऱ्या घालताना पाहिलास आणि त्यांचे बूट कपाटात कोंडून किल्ली घेऊन गेलास. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, किल्ली घेऊन जाणारा तूच पहिला. कपाट मी त्याच संध्याकाळी फोडलं.

आजाऱ्यानं अंग हलवलं की बुघात होतो, दुखणं उलटतं, हे मला शिकवू नकोस. आपण एकाच आईचं ऐकत वाढलो. पण डॉक्टर हिनोलानबाईंचं तू एकदाही ऐकलं नाहीस. ऑक्टोबरात त्यांनी तातायना दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. तीनदा थांबले, जेमतेम एकशे चाळीस मीटर झाले. मग आठवड्यातून तीन दिवस, आधी नर्सच्या देखरेखीखाली, पुढं घरच्या अंगणात. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये, एवढाच वेग.

"बरंच झालं," ताताय म्हणाले, "मी गायलो की शेजारी तसेही दारं लावतात."

बाई हसल्या नाहीत. पाय सुजले, वजन एकदम वाढलं, तर चालणं बंद आणि तडक इकडे या, म्हणाल्या.

परवा हृदयाची तपासणी झाली. दर ठोक्याला त्यातल्या रक्ताचे शंभरातले तीस भाग बाहेर पडायचे, आता छत्तीस पडतात. "हृदय काही नवं झालेलं नाही," बाई म्हणाल्या, "पण पाय कामाला लागले, त्याचा भार हलका झाला." त्याच व्हरांड्यात आता तीनशे दहा मीटर, न थांबता.

आणि तू शनिवारी त्यांना न्यायला येतोयस! एकोणिसावा मजला, दिवसरात्र सांभाळायला बाई, वरखाली होणारा पलंग. त्या पलंगावर ते संपतील. मला कसं माहीत, विचार.

त्यांना ऑक्टोबरपर्यंत आठ महिने देल्फिननं निजवून ठेवलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. 'उठू देऊ नकोस' हा तुझा हुकूम यायच्या आधीच मी त्यांना निजवलं होतं. ते उठू बघायचे, मी खांदे दाबून पुन्हा आडवं करायची. भीती वाटायची, हे खरं. पण निजलेला माणूस कुठं जातो म्हणत नाही, काही मागत नाही, ते मला सोयीचं होतं, हेही खरं. तुझा फोन आला तेव्हा बरं वाटलं, दोष द्यायला कुणीतरी मिळालं. शेवटी संडासापर्यंत जायलाही त्यांना माझा खांदा लागू लागला. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "विदा, मरायच्या आधीच पुरलंस का गं मला?" दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं.

शनिवारी ते धक्क्यावर येतील. चालत. तू दंड धरायला गेलास तर सगळ्यांदेखत तुझा हात झटकीन. मनिलाला येत नाही, हे ते स्वतः तुला सांगणार आहेत, उभं राहून. परतीच्या बोटीत तू एकटाच बसशील.

एकदा त्यांना पुरणारी, पुन्हा कुणाला पुरू न देणारी,
रोसविदा