तांब्याभर पाणी

३ नोव्हेंबर
कुळगावात मुक्काम! दिनानाथकाकांचा भाड्यानं घेतलेला फ्लॅट, भरपूर वारा, समोर डोंगर आणि बाल्कनीत पुरुषभर उंच निवडुंग. काकांनी एकतीस वर्षं वाढवलेला. कुंडी कुणाला हलेना, म्हणून तो इथे आणि काका-काकू लेकाकडे अंबरनाथला. वृंदाकाकूंनी बजावलं, थंडीभर याला पाणी घालायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तरबेज आहे.

१० नोव्हेंबर
आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला, ही आमच्या घरची रीत. इथे तुळस नाही, म्हणून निवडुंगावर भागवतो. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय! आणि पुण्य काय, भाड्याच्या घरातही मिळतं.

२४ नोव्हेंबर
बुंधा तपकिरी झालाय. दाबला तर पिकल्या चिकूसारखं बोट आत गेलं. तेवढ्यात काकूंचा फोन. झाड मस्त आहे, म्हणालो. त्या म्हणाल्या, काकांची टाच मऊ पडून काळी झालीय, शुगर असेल.

२६ नोव्हेंबर
चामटोलीचा नर्सरीवाला रघू येऊन हसला. म्हणाला, सायेब, निवडुंगाची तुळस केलीत की! आत पांढरं लागेपर्यंत कापा, वरचा भाग सुकवून पुन्हा लावा, जगेल. नाही कापलंत तर सड शेंड्यापर्यंत चढेल.
झाड कुंडीतून उपटून चटईवर आडवं घातलं. दुपारी चारला खालून वीतभर कापलं. आत तपकिरीच. सुरी बोथटली, बाकीचं उद्या.

२७ नोव्हेंबर
काकूंचा फोन. काल डॉक्टरांनी काकांचं पाऊल कापलं. किती वाजता, असं मी विचारलं. कशाला विचारलं? चार वाजता.
काकू रडत म्हणाल्या, निदान त्यांचं झाड तरी तुम्ही जपलंत. मी हो म्हणालो. हो म्हणालो मी.

२९ नोव्हेंबर
सुरीला हात लावला नाही. तरी सड गुडघ्यापर्यंत चढली— झाडाची. काकांचीही. आता डॉक्टर कापायला तयार नाहीत.

३० नोव्हेंबर
सगळं कबूल करायला फोन लावला. काकूंनी आधीच माझे आभार मानले. ठेवून दिला.

१ डिसेंबर
थांबलो तर शेंड्यापर्यंत. कापलं तर— पण पांढरं लागलं तर वाचतील. रघू म्हणाला होता, जगेल.
मांडीशी कापलं. तपकिरी.
कमरेशी. तपकिरी—
फोन वाजतोय. काकूच. नाही उचलत.
छातीशी. माफ करा काका, फक्त तांब्याभर— रोज—
अजून तपकिरीच. आता वर उरलाय तो फक्त