बिडाचा खांब

तीर्थरूप आप्पांना वृषभचा जय जिनेंद्र.

मी खुशाल हाय. चटणी पुरवून खातोय.

इथं इंग्लंडात मी झाडलोट करतो ते थेटर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. पूर्वी आत हत्ती नाचवायचे म्हणं. आता छत गळतंय, म्हणून पुढल्या महिन्यात पाडणार. मला दुसरं काम मिळंल की.

काल तिथला बिडाचा खांब हातोडीनं वाजवला. शिरोलीच्या फौंड्रीत तुम्ही नुसत्या आवाजावरनं सांगायचासा, माल पोकळ का भरीव. हा अजून घंटंसारखा वाजतोय, तरी भंगारातच जाणार.

फोनवर आई शेजारी असती, म्हणून पत्र घातलंय. ती म्हणती, साधा खोकला हाय. पण डॉक्टरनं तुमच्या पाठीवर बोटं वाजवली न्हवं? आवाज तुम्ही ऐकलाच असणार. खरं कळवा.

तुमचा,
वृषभ