गुरुजींचा कच्चा कागद

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३
गेवराई

आज आमच्या कॉम्प्युटर क्लासात ऑनलाइन परीक्षा झाली आणि गुरुजी नापास झाले. चौथीत मला गणित शिकवणारे चकलांब्याचे गुरुजी. सरकारनं शिक्षकांना कॉम्प्युटरचा दाखला सक्तीचा केला म्हणून या वयात माझ्यासमोर शिकायला बसतात.

चूक माझीच. ते पेन्सिलीनं कागदावर काहीतरी लिहीत होते, मला वाटलं आकडेमोड असेल. अहो, पन्नासच्या पन्नास उत्तरं आधी कागदावर! मग एकेक बघून मशीनवर द्यायला लागले, तोवर वेळ संपली आणि पेपर आपोआप बंद झाला. नऊच उत्तरं गेली होती.

"आदी कच्चं, मंग पक्कं. जन्माची सवय हाय, पोरी," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

चौथीत माझं उत्तर चुकलं तरी कच्चं काम बघून अर्धा मार्क द्यायचे. "रीत बरुबर हाय," म्हणायचे. मशीनला कसली रीत दिसतेय?

तो कागद मी मागून घरी आणला. आत्ता लाल पेननं तपासला. दोनच चुकलेत. पुढच्या महिन्यात परत बसवीन, आणि पेन्सिल आधी काढून घेईन.

मार्क लिहायला वरचा कोपरा बघितला. आम्हाला लिहायला लावायचे तसंच, वळणदार अक्षरात त्यांचं नाव, हजेरी क्रमांक. त्याखाली 'वर्गशिक्षिका', आणि पुढं माझं नाव. 'बाई' लावून.