तीन सुताचं भांडं

१२ जाने. १९७६
भांडं सांगलीला गेलं. बिलात लिहिलं ते वेगळं, खरा खर्च असा: तेवीस दिवस. दस्तगीर वेल्डरचे दोन्ही डोळे, बटाट्याच्या चकत्या ठेवून तीन दिवस. मेव्हण्याच्या नातीचं बारसं चुकलं. तीस फुटी नळकांडं बोळात वळेना म्हणून शेजाऱ्यांचा कट्टा फोडला, तो परत बांधून दिला. ट्रकवर चढवायला सात माणसं. पाच लागतील असं मीच सांगितलं होतं.

ड्रॉइंगवर पत्रा दोन सूत, म्हणजे पाव इंच. मी तीन घातला. जादा पैसे लावले नाहीत, भांडं करून घेणाऱ्या कॉलेजच्या रेगेसाहेबांना सांगितलंही नाही. लोणंदला भात्यावर होतो तेव्हा वस्ताद म्हणायचे, माप भरलं की वर एक मूठ टाकायची आणि गप बसायचं. आतला व्यास ड्रॉइंगप्रमाणे, केसाचा फरक नाही. बाहेरून ऊब धरायला दोरी-लिंपण असल्यानं दिसतही नाही.

१५ जाने., सातारा
संक्रांतीला सौ.च्या माहेरी. मेव्हणा सुभेदार पेन्शनीत आलाय, जीभ अजून ड्युटीवर. पंगतीत म्हणाला, "आवं दाजी, मिरजंत बाँब करताय म्हनं. आमाला फौजेत कवा दाखवला न्हाई त्यो."
म्हटलं, बाँब नाही. अणुवीज केंद्र असतं ना, त्याची नक्कल. केंद्राला धोका झाला तर काय होईल ते आधी लहानात बघायचं.
"लहान्यात बघून थोरल्याचं कसं कळतंय? करडू हाकून बैल कळतोय व्हय?"
सगळे हसले. मला लागलं. तिळगूळ तोंडात ठेवून सांगितलं की काहिली केल्या, टाक्या केल्या, सतरा वर्षांत आमच्या दारातून गेलेलं भांडं दुरुस्तीला म्हणून परत आलं नाही, हेही येणार नाही. सासरे म्हणाले, वा. सौ.नं माझ्या पोळीवर तूप वाढलं.

१९ जाने.
सांगली. कॉलेजच्या शेडचा पत्रा कापून भांडं उभं केलं. वर निम्मं बाहेर. पोरं विचारतात, काठी कुठल्या देवाची?
रेगेसाहेब मुंबईचे, तिशीचे, हडकुळे, डबा विसरणारे. मेव्हण्याचा प्रश्न त्यांना माझा म्हणून विचारला. ते खूश झाले. म्हणाले, "रुंदी हवी तेवढी कमी करा, पण उंची नाही. गरम पाणी हलकं, गार जड, त्या फरकानं पाणी आपोआप फिरतं. उंची निम्मी केली की तो जोरही निम्मा. म्हणून खऱ्याएवढं उंच आणि मनगटाएवढं बारीक."
करडू नव्हे तर. बैलाचीच एक उभी चीर काढलीय.
मग म्हणाले, "खऱ्या ठिकाणी भट्टी बंद केली तरी निखारा राहतो. पंप थांबले, पाणी तुटलं, तर धातू तापायला किती वेळ हातात आहे, एवढंच या भांड्याला विचारायचंय."
निखारा म्हटल्यावर समजलं. गुऱ्हाळात चुलवाणातला जाळ ओढला तरी रस उसळतोच.

२७ जाने.
पहिली तापवणी. रे.सा. काट्यांकडं बघत होते, मी कान लावून. उकळी फुटायच्या आधी भांडं बारीक गुणगुणतं. ते फार उशिरा गुणगुणलं. मनात आलं, चांगलं आहे, सोसतंय.

२ फेब्रु.
तिसऱ्यांदा तेच. हातात वेळ किती? त्यांचं गणित चौदा मिनिटं म्हणतं, भांडं एकवीस.
रे.सा. चहा गार करून म्हणाले, "भांडं खोटं बोलणार नाही. माझंच गणित कुठं तरी कडक झालंय, सुधारून मुंबईला पाठवतो. बातमी चांगली आहे, मिस्त्री. वाटलं होतं त्यापेक्षा वेळ जास्त आहे."
शिवाय म्हणाले, आता याहून मोठं भांडं करायचं, तुमचं नाव पुढं केलंय. घरी येताना बर्फी घेतली. ऑर्डर आली तर शेजारची जागा घेऊन शेड वाढवता येईल. काहिलीच्या धंद्यातून कायमचा सुटेन.

५ फेब्रु.
मकबूलचाचाकडं बसलो होतो, तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची लाकडी तबली तासत होते. किती पातळ करता, फुटंल की, म्हटलं.
"बापू, जाड ठेवली तर तुझ्या नातवापर्यंत टिकंल. पर बोलणार न्हाई. तार काय म्हनती ते लाकडातच जिरतं."
पुढचं ऐकलं नाही. जाड तळाची काहील उशिरा तापते, हे तर मला विसाव्या वर्षी माहीत होतं. आमच्या भांड्यात पाणी थोडं आणि लोखंड भरमसाट. आधी लोखंड पोट भरून घेतं, मग पाण्याला देतं. वरची सात मिनिटं माझ्या तिसऱ्या सुताची.
आणि ती आता थोरल्या केंद्राच्या हिशोबात जाणार.

६ फेब्रु.
सांगलीला गेलो नाही. काम होतं.

७ फेब्रु.
काम नव्हतं. दस्तगीरला त्या सात मिनिटांचं सांगितलं. तो म्हणाला, "मालक, चोरी केली असती तर सांगायला सोपं हुतं. जादा दिलं म्हनून माफी कशी मागायची?" तेच तर.
सौ.लाही सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिकडं कोणाच्या घरात एकवीस समजून चौदाला पेटलं तर?" आणि परात पुढं ओढली.

८ फेब्रु., रविवार
सकाळच्या एस.टी.नं सांगली. रे.सा. शेडमध्येच, पाकिटावर मुंबईचा पत्ता लिहीत होते.
सांगितलं. दोनऐवजी तीन घातलं, बिलाखाली 'ड्रॉइंगप्रमाणे' म्हणून सही केली.
ते उठले. खालच्या जोडाजवळचं लिंपण स्वतः खरवडलं, बाहेरच्या व्यासाला कॅलिपर लावला, हिशोब केला. तीन सूत. पुन्हा लावला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
कॅलिपर पुसत म्हणाले, "लहान भांडं मुळातच थोडी थाप मारतं. थोड्या पाण्याला भिंत फार. म्हणून फुटणार नाही इतपतच पातळ मागितली होती. तुम्ही त्याला पाहुणचार घातलात."
"व्हय."
"आणि सही का केलीत?"
मी खाली सांडलेलं लिंपण गोळा करायला वाकलो.
त्यांनी पाकीट फाडलं. तीन तापवण्या बाद. माझ्या देखत नवं पत्र लिहिलं. करणाऱ्यानं आपण होऊन सांगितलं, हेही लिहिलं. मोठ्या भांड्याचं विचारायची हिंमत झाली नाही. निघताना त्यांनीच हाक मारली, "मिस्त्री, दोन सुतात टिकेल ना?"
म्हटलं, दस्तगीरचा टाका आहे. टिकेल.
"वाटणं नको. दाखवा."

१८ फेब्रु.
दोन सुताचं हातभर नळकांडं केलं. पाणी भरून पंपानं दाब दिला, रे.सा.नी सांगितला त्याच्या दीडपट. दस्तगीर लांब उभा, मी कान लावून. घाम नाही, कुरकुर नाही. दस्तगीर म्हणाला, "एवढंसं पातळ, लय मुकं बसलंय की." पहिल्यांदा वाटलं, कमी देण्यातही कसब आहे.

२४ फेब्रु.
दोन सुताच्या पत्र्यावरच कॅलिपरचा आकडा लिहून, सही करून, नळकांडं रे.सा.ना दिलं. त्यांनी आकडा वाचला. मग स्वतः मोजला. माझ्यावर विसंबले नाहीत ते बरोबर केलं. हसले पण. मुंबईचं उत्तर नाही. नवीन भांडं करायचं की काम दुसऱ्याकडं द्यायचं, ते तिकडं ठरणार. बर्फीची शेवटची वडीसुद्धा संपली, असं सौ. म्हणाली.

४ मार्च
मेव्हणा सुभेदार मिरजेच्या दवाखान्यात दाखवायला आला, आमच्याकडंच उतरलाय. त्याला बोळातल्या नव्या कट्ट्यावर बसवून दोन सुताचा पत्रा दाखवत होतो. ऑर्डर नाही, तरी आणून ठेवलाय. तो म्हणाला, "मंजी बैलाची चीर आता पातळ काढणार."
तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी ट्रक थांबला. त्यानं चष्मा लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि देवमाणूस, संक्रांतीच्या पंगतीचं काही बोलला नाही.
दुपारी साडेतीन. भांडं परत आलं. उतरवायला सात माणसं लागली.